सेमी-हॉलोचे पिकअप बदलायचेत? आधी स्क्रू फिरवून बघ

प्रश्न : दादा नमस्कार, नाशिकहून लिहितोय. माझ्याकडे गिब्सन ईएस-३३५ च्या शेपची स्वस्तातली सेमी-हॉलो (अर्धी पोकळ) इलेक्ट्रिक गिटार आहे, दोन हमबकरवाली (म्हणजे दोन कॉइलचे पिकअप, तारांचा आवाज पकडणारे). ब्लूज आणि आर. डी. बर्मनची गाणी वाजवतो. नेकचा पिकअप एकदम गढूळ वाजतो, कॉर्ड मारली की सगळं एकात एक मिसळतं, आणि ब्रिजचा पातळ, कर्कश. शिवाय रिहर्सलला अँप वाढवला की शिट्टी सुरू. दुकानात म्हणाले दोन्ही पिकअप बदला, पण खर्च गिटारच्या निम्म्या किमतीएवढा होतोय. बदलू का? आणि कुठले घेऊ?

उत्तर : बदल, पण लगेच नको. तू सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन बऱ्याचदा पिकअपच्या उंचीमुळेच असतात आणि ते काम एका स्क्रूड्रायव्हरचं आहे. शेवटच्या फ्रेटवर दोन्ही बाजूची ई तार दाबून धर आणि पोलपीसपासून (पिकअपवर प्रत्येक तारेखाली असतो तो धातूचा स्क्रू) तारेपर्यंतचं अंतर मोज, नेकला साधारण अडीच मिलिमीटर आणि ब्रिजला दीड ते दोन इथून सुरुवात कर. नेकजवळ तार जास्त हेलकावते त्यामुळे तिथे पिकअप वर चढलेला असला की जाड तारा सगळं झाकून टाकतात, म्हणून नेकचा पिकअप खाली घे, बास बाजूला अजून थोडा, आणि मग पोलपीसचे स्क्रू वरच्या दोन-तीन तारांखाली अर्धा अर्धा फेरा वर काढ. खूप फरक पडतो, खरंच.

शिट्टीचं मात्र नीट ऐक. तळव्याने सगळ्या तारा बंद केल्यावरही बारीक, टोकदार किंचाळी चालूच राहिली तर पिकअपमधली कॉइल किंवा वरचं पत्र्याचं कव्हर थरथरतंय, मेण नीट भरलेलं नाही, आणि हे मेण भरलेला चांगला पिकअप घातला की जातं. पण जाडसर घुमणारा आवाज असेल, अँपसमोर जागा बदलली की कमी-जास्त होणारा, तर तो बॉडीचा आहे, आत मधोमध लाकडाचा ठोकळा असला तरी दोन्ही बाजू पोकळच, आणि त्याला कितीही महागडा पिकअप घाल काही होणार नाही. ब्लूजवाले बी. बी. किंग यासाठी एफ-होलमध्ये (बॉडीवरच्या f आकाराच्या भोकांत) कापड कोंबायचे आणि १९८० साली गिब्सनने त्यांच्या नावाचं मॉडेल काढलं ते एफ-होल नसलेलंच. तूही फोमचा तुकडा बसवून बघ, खर्च काहीच नाही.

एवढं करूनही समाधान नाही झालं तर मल्टिमीटर आण. केबल गिटारला लाव, व्हॉल्यूम फुल, आणि दुसऱ्या टोकाच्या जॅकच्या टोकावर आणि दांड्यावर मीटरच्या वायरी टेकव, रेंज २० के (किलोओहम). आठ किलोओहमचा पिकअप इथे ७.९ च्या आसपास दिसेल कारण पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा फिरता भाग) समांतर जोडलेला असतो. १३-१४ आला तर तो खूप गुंडाळलेला, जास्त जोराचा पिकअप आहे, सेमी-हॉलोचा मोकळेपणा तिथेच मरतो, आणि तुझा गढूळपणा बहुधा त्यातलाच. पॉटही उघडल्यावर मोजून घे, ५०० के चे हवेत. २५० के निघाले तर हमबकरची वरची चमक तेच खाऊन टाकतात.

कुठले घ्यायचे? १९५८ ला ईएस-३३५ आली तेव्हा तिच्यात सेथ लव्हरने बनवलेला हमबकर होता, १९५५ ला पेटंटसाठी अर्ज केलेला, म्हणूनच त्याला पीएएफ (पेटंट अप्लाइड फॉर) म्हणतात. त्या वळणाचे, साडेसात ते साडेआठ के चे पिकअप शोध. सेमूर डंकनचा ५९ सेट अल्निको ५ मॅग्नेटचा आहे आणि त्यात मेण भरलेलं असतं, तुझ्या शिट्टीच्या तक्रारीसाठी मी तोच सुचवेन. त्यांचाच सेथ लव्हर सेट अल्निको २ चा, फार गोड, पण मेण नसलेला, मोठ्या आवाजात तुला त्रास देईल. आणि पैसे कमी असतील तर फक्त नेकचा बदल, सेमी-हॉलोचा जीव तिथेच आहे, ब्रिजला थांबता येईल. ऑर्डर करण्याआधी पहिल्या आणि सहाव्या पोलपीसमधलं अंतर मोज (४९-५० की ५२-५३ मिलिमीटर) आणि पिकअपचे पाय लांब आहेत की आखूड ते बघ, आतल्या ठोकळ्यात खाच उथळ असली तर लांब पायवाला बसतच नाही.

आता खरं काम. मागे झाकण नसतं, सगळी वायरिंग एफ-होलमधूनच बाहेर काढावी लागते, म्हणून घाई करू नकोस. आधी फोटो काढ. मग नट सोडण्याआधीच प्रत्येक पॉटच्या दांड्याला माशांच्या टाकीची मऊ नळी घट्ट बसव किंवा मजबूत दोरा बांध, जॅक आणि स्विचलाही, आणि त्यावर नावं चिकटव. पॉट आत ढकलून एफ-होलमधून बाहेर घे, दोऱ्याचं दुसरं टोक भोकातून बाहेर राहू दे, मग परत ओढलं की पॉट आपोआप आपल्या भोकात येतो. पुठ्ठ्यावर गिटारची भोकं जशीच्या तशी काढून घे, त्यात पॉट बसवून बाहेरच सोल्डर कर म्हणजे वायरींची लांबी चुकत नाही. जाळीची वायर असेल तर वरची जाळी म्हणजे अर्थिंग, ती पॉटच्या सिग्नलच्या टोकाला लागली की आवाज गायब, तिथे इन्सुलेशनची स्लीव्ह चढवच. ब्रिज किंवा टेलपीसकडे जाणारी अर्थिंगची वायर तुटली नाही ना तेही बघ, नाहीतर घूं घूं वाढेल. सीटीएस कंपनीचे मोठे पॉट घेणार असशील तर त्यांचा बुश (भोकातून वर येणारा आट्यांचा भाग) साधारण साडेनऊ मिलिमीटरचा, स्वस्त गिटारचं भोक बहुतेकदा त्याहून लहान असतं, ते रीमरने (भोक मोठं करायचं हाताचं हत्यार) हळूहळू वाढव, ड्रिल मारू नको, प्लायचा वरचा थर फाटतो. आणि पुश-पुल (ओढलं-दाबलं की स्विचचं काम करणाऱ्या) पॉटचा मोह सोड, तो एफ-होलमधून जाईलच असं नाही.

प्रश्न : हमबकरच्याच मापात येणारा पी-९० जातीचा पिकअप घातला तर?

उत्तर : आवाज सुंदर येईल, थोडा खरखरीत आणि जिवंत. पण तो एका कॉइलचा, त्यामुळे ५० हर्ट्झची गुणगुण येणार, आणि ज्या घरात अर्थिंग नीट नाही तिथे जास्तच. घेतलास तर सेटच घे, एक उलट गुंडाळलेला आणि उलट पोलचा, म्हणजे दोन्ही चालू असताना निदान मधल्या पोझिशनला शांतता मिळते.