आमच्या कॉलेजात छोटा उपग्रह बनवणारी टीम सुरू करायची आहे. वेगवेगळ्या शाखांची मुलं मिळून डिझाइन नेमकं कसं करतात?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सेकंड इयरला आहात, मेकॅनिकल, ईएनटीसी आणि कंप्युटरची मिळून पंधरा मुलं जमली आहेत, आणि कामं वाटून घेऊन प्रत्येकाने आपापला भाग पुरा करायचा व शेवटी सगळं जोडायचं असा बेत आहे. या शेवटच्या बेतामुळेच उत्तर लिहायला बसले. मी इलेक्ट्रिकलची. कॉलेजच्या उपग्रह टीममध्ये साडेतीन वर्षं पॉवर सबसिस्टिम, म्हणजे विजेचा भाग, सांभाळली. आम्हीही अगदी हेच ठरवलं होतं आणि त्यात आमचं जवळजवळ एक वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये असं मनापासून वाटतं.

आधी उपग्रह केवढा आहे ते डोळ्यांसमोर आणा. कॉलेजं सहसा क्यूबसॅट नावाचा ठरावीक मापाचा छोटा उपग्रह करतात. त्याचं माप १९९९ मध्ये जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज या कॅलिफोर्नियातल्या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना झेपावं म्हणूनच ठरवलं. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १० सेंटिमीटर, आणि सुरुवातीला वजनाची मर्यादा १ किलो. पुण्याच्या सीओईपीच्या मुलांचा ‘स्वयम्’ उपग्रह याच मापातला. अशा डब्याच्या एका बाजूवर अंतराळात वापरतात तसे मोठे सोलर सेल दोनच बसतात. ऊन सरळ पडलं तर त्यातून सव्वादोन वॅटच्या आसपास वीज मिळते. ५०० किलोमीटर उंचीवर एक प्रदक्षिणा साधारण ९५ मिनिटांची, त्यातली ३५ मिनिटं पृथ्वीच्या सावलीत. सगळ्या बाजूंना सेल लावले तरी हिशेबाअंती सरासरी दीड-दोन वॅट हातात येतात. घरातला साधा एलईडी बल्ब ९ वॅटचा असतो. एवढ्याशा विजेवर कंप्युटर, रेडिओ, सेन्सर आणि पेलोड (ज्या कामासाठी उपग्रह पाठवायचा ते उपकरण) सगळ्यांनी दिवस काढायचे. एकाने जास्त घेतलं की दुसऱ्याच्या तोंडचा घास जातो. त्यामुळे ‘आपापला भाग’ अशी गोष्टच उरत नाही.

अँटेनाचंच बघा. ४३५ मेगाहर्ट्झच्या हॅम बँडवर, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यात, बोलायचं तर दोन हातांच्या डायपोल अँटेनाचा एकेक हात १७ सेंटिमीटरच्या आसपास लागतो, आणि डबा तर १० सेंटिमीटरचा. म्हणजे अँटेना गुंडाळून पाठवायची आणि वर गेल्यावर उघडायची. सुतार वापरतात त्या मेजर टेपची पोलादी पट्टी यासाठी उत्तम चालते. दाबली की दबते, सोडली की ताठ होते. पट्टी किती लांब कापायची ते कम्युनिकेशनची मुलं ठरवणार. गुंडाळायला जागा स्ट्रक्चरवाल्यांनी द्यायची. तिची सावली सोलर सेलवर पडायला नको, ही माझी हरकत. पट्टी नायलॉनच्या दोऱ्याने बांधून ठेवतात आणि तार तापवून तो दोरा वितळवतात. तार तापायला काही सेकंद एकदम जास्त करंट लागतो, तो बॅटरीतून, म्हणजे पुन्हा माझ्याकडून. रॉकेटपासून सुटल्यावर निदान अर्धा तास काही उघडायचं नाही असा नियम आहे, तो टायमर सॉफ्टवेअरचा. आता पहिल्या खेपेला दोरा तुटलाच नाही तर पुढचा प्रयत्न कधी करायचा आणि तो फसला हे उपग्रहाला कळणार कसं, हे काम कुणाचं? आमच्याकडे ते कुणाच्याच यादीत नव्हतं. बाहेरून रिव्ह्यूला आलेल्या एका सरांनी विचारलं तेव्हा चार टीमलीडर एकमेकांकडे बघत राहिले.

आमचं वर्ष ज्यात गेलं ती गोष्ट सविस्तर सांगते, कारण तुमच्याकडेही ती होऊ शकते. आमच्या सामायिक एक्सेल शीटमध्ये ट्रान्समीटरच्या ओळीत ‘पॉवर: १ वॅट’ असं लिहिलं होतं. मी त्यावरून बॅटरी आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर निवडले, बोर्ड डिझाइन केला, बनवून घेतला. त्यानंतर सगळ्या बोर्डांचा फ्लॅटसॅट मांडला. फ्लॅटसॅट म्हणजे डब्यात न कोंबता सगळे बोर्ड टेबलावर पसरून वायरींनी जोडलेले. चालू केलं तर दर दीड मिनिटाला ऑनबोर्ड कंप्युटर आपोआप रीस्टार्ट व्हायचा. हिरवा दिवा विझायचा, पुन्हा लागायचा. चार दिवस सॉफ्टवेअरच्या मुलाने स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधली. तो रात्री लॅबमध्येच झोपत होता. पाचव्या दिवशी एका फर्स्ट इयरच्या मुलीने व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा प्रोब ३.३ व्होल्टच्या लाइनवर धरला आणि म्हणाली, “ताई, बीकन गेला की इथे खड्डा पडतोय.” खरंच पडत होता. बीकन, म्हणजे उपग्रह ठरावीक वेळाने पाठवतो तो ओळखीचा सिग्नल, सुरू झाला की व्होल्टेज खाली, कंप्युटर बंद.

कम्युनिकेशनवाल्यांनी लिहिलेला १ वॅट अँटेनाकडे जाणारा होता. मी तो बॅटरीतून घेतला जाणारा समजले. रेडिओचा अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेतला जेमतेम तिसरा हिस्सा बाहेर पाठवतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे प्रत्यक्षात जवळपास ३ वॅट लागत होते. आकडा बरोबर, मी लावलेला अर्थही माझ्या परीने बरोबर, आणि बोर्ड वाया गेला. दोन महिने एकाच लॅबमध्ये आठ फुटांवर बसून आम्ही एकमेकांना हे विचारलं नव्हतं. नवा बोर्ड, नवे रेग्युलेटर, मधे परीक्षा, मधे सुट्ट्या, असं करत पुन्हा तिथवर यायला पुढची दिवाळी उजाडली.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. ती आमच्या डोक्यातून निघालेली नव्हती. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत १९९५ पासून ‘टीम एक्स’ नावाचा गट अशा तऱ्हेने काम करतो, आणि युरोपीय अंतराळ संस्थेने १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या आपल्या केंद्रात यासाठी खास दालनच उभारलं. त्याला कॉन्करंट डिझाइन म्हणतात. सगळ्या विषयांचे लोक एकाच वेळी एका खोलीत बसतात, सगळ्यांचे आकडे एका सामायिक मॉडेलमध्ये असतात, आणि एकाने काही बदललं की बाकीच्यांना तिथल्या तिथे दिसतं. युरोपीय संस्था विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनाही बेल्जियममधल्या आपल्या प्रशिक्षण केंद्रात बोलावून चार-पाच दिवसांत एका मोहिमेचा आराखडा याच पद्धतीने करून घेते.

आम्ही दालन कुठून आणणार? शनिवारी दुपारी रिकामा वर्ग मिळायचा. प्रोजेक्टरवर एक शीट, प्रत्येक सबसिस्टिमचा एक टॅब, आणि पहिल्या टॅबवर तीन बेरजा: वजन, वीज, डेटा. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठे मोजला, कुणी दिला, कोणत्या तारखेला दिला, आणि अंदाज आहे की प्रत्यक्ष मोजलेला, हे लिहायचं. अंदाज असेल तर वर २० टक्के मार्जिन, मोजलेला असेल तर ५ टक्के. आकडा बदलायचा असेल तर उभं राहून मोठ्याने सांगायचं. पहिले दोन शनिवार सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. तिसऱ्या शनिवारी पेलोडच्या मुलाने जास्त रिझोल्यूशनचा कॅमेरा सुचवला, तेव्हा कम्युनिकेशनच्या मुलीने जागेवरूनच हिशेब मांडला: सेकंदाला १२०० बिट, उपग्रह आपल्या डोक्यावरून जायला फार तर १० मिनिटं, म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी एका फेरीत ९० किलोबाइट. त्याचा एक फोटो उतरवायला दोन दिवस लागले असते. पाच मिनिटांत निर्णय झाला. पूर्वी हेच आम्हाला बोर्ड बनून हातात आल्यावर कळलं असतं.

या खोलीत एक माणूस असा हवा ज्याचा स्वतःचा बोर्ड नाही. त्याला सिस्टिम इंजिनिअर म्हणतात. पंधरा मुलांतून एक हुशार माणूस नुसता शीट सांभाळायला द्यायचा हे सुरुवातीला जिवावर येतं, पण द्याच. आणि तो सगळ्यात जास्त बोलणारा नको, सगळ्यात जास्त विचारणारा हवा.

‘स्वयम्’चा एक निर्णय मला यासाठी फार आवडतो. दिशा सांभाळायला त्यांनी मोटर किंवा कॉइल न वापरता कायमचं चुंबक वापरलं, जे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी आपोआप जुळतं. त्यामुळे अचूकता कमी मिळते, पण वीज शून्य लागते. हॅम रेडिओवाल्यांचे निरोप एका ठिकाणहून दुसरीकडे पोचवायला तेवढं पुरेसं होतं. एका सबसिस्टिमने कमीवर भागवलं आणि बाकी सगळ्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली.

वेळेचा अंदाज मात्र आधीच करून ठेवा. ‘स्वयम्’चं काम २००८ मध्ये सुरू झालं आणि तो २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ २००७ मध्ये सुरू झाला आणि २६ सप्टेंबर २०१६ ला गेला. ज्यांनी पहिली रेघ मारली ती मुलं तोवर कधीच पास होऊन गेली होती. आमचाही उपग्रह मी असेपर्यंत उडाला नाही. म्हणून सहकार्य फक्त शेजारच्या शाखेशी नाही, तीन वर्षांनी येणाऱ्या अनोळखी ज्युनिअरशीही करायचं असतं. त्याच्यासाठी ‘काय निवडलं’ एवढंच लिहून ठेवू नका, ‘का निवडलं आणि काय नाकारलं’ तेही लिहा. आमच्या सिनिअरनी एक बॅटरी का नाकारली हे लिहिलं नव्हतं, आम्ही तीच पुन्हा आणून पुन्हा तपासली. कॉलेज लहान असेल तर दुसऱ्या कॉलेजांना सोबत घ्यायलाही कचरू नका. १२ जुलै २०१० ला गेलेला ‘स्टडसॅट’ बंगळुरू आणि हैदराबादच्या सात कॉलेजांनी मिळून केला होता.

आता सुरुवात. उपग्रहाच्या बोर्डापासून करू नका. एक एसडीआर डाँगल (कंप्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घ्या, मेजर टेपची अँटेना कापा, आणि गच्चीवरून दुसऱ्यांच्या उपग्रहांचे बीकन ऐका. अंतराळ स्थानक कधीकधी १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतं, ती उतरवून बघा. त्यानंतर कॅनसॅट करा, म्हणजे शीतपेयाच्या डब्याएवढा, पॅराशूटने खाली येणारा नमुना. त्यात वजन, वीज आणि रेडिओची हीच ओढाताण महिन्याभरात अनुभवायला मिळते. थेट स्वतंत्र उपग्रहाचा हट्टही धरायला नको. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर कक्षेत प्रयोगांसाठी वापरतात, त्याला पोएम म्हणतात. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात त्यावर २४ उपकरणं होती, काही कॉलेजांचीही. तिथे वीज आणि दिशा रॉकेटचा टप्पा सांभाळतो, तुम्ही फक्त पेलोडवर लक्ष देता. रेडिओ वापरणार असाल तर फ्रिक्वेन्सीच्या परवानगीचा अर्ज मात्र डिझाइन पक्कं व्हायच्या आधीच सुरू करा, त्याला महिने लागतात.

येत्या शनिवारी पंधरा जणांना बोलवा. पुठ्ठ्याचा १० सेंटिमीटरचा खोका करा, जे बोर्ड लागतील असं वाटतं त्यांच्या मापाचे थर्माकोलचे तुकडे कापा आणि आत बसवून बघा. वायरींना आणि कनेक्टरना जागा ठेवा, मुलं हमखास विसरतात. मग रिकामी शीट उघडा आणि ‘पॉवर’ या शब्दाचे दोन कॉलम करा: बॅटरीतून घेतलेली, अँटेनाकडे गेलेली. पेलोड काय ठरवताय ते खाली कळवा, विजेचा पहिला हिशेब मी करून देईन.