दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजातल्या तरुणांना मुलींच्या खतन्याबद्दल, म्हणजे जननेंद्रियाला पातं लावण्याच्या प्रथेबद्दल, काय वाटतं? लग्न ठरवताना ते तशी अट घालतात का?

अट कोण घालणार? आपल्याच घरात हे होतं हे कित्येक मुलांना माहीतच नसतं. मुलगी सातेक वर्षांची झाली की आजी नाहीतर मावशी तिला घेऊन जाते, पुरुषांच्या कानावर बऱ्याचदा काही पडत नाही. मी स्वतः बोहरा आहे. स्थळं बघताना हा विषय निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

माझी मुलगी सात वर्षांची होत आली तेव्हा फईने (आत्याने) बायकोला फोन केला. "रविवारी पाठव, तिच्या वयाच्या आणखी दोघी आहेत." बायको हो-नाही काहीच बोलली नाही. फोन ठेवला आणि घासून झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. खोदून विचारलं तेव्हा तिने स्वतःचं सांगितलं. आईस्क्रीमच्या नावाखाली नेलं होतं, आणि घरी आल्यावर अब्बांना सांगायचं नाही अशी शपथ घातली होती.

मी फईला नाही म्हणून कळवलं. संध्याकाळी चुलतभाऊ दारात हजर. शिकलासवरला, इंजिनिअर. "हे बायकांचं खातं आहे, तू यात पडू नकोस." मी म्हटलं, लस टोचायला तिला मी नेतो, शाळेच्या फॉर्मवर सही माझी असते, मग तिच्या अंगाला पातं लावायच्या वेळीच मी परका कसा? तर म्हणे खफ्ज (मुलींच्या खतन्याला आमच्यात हेच म्हणतात) म्हणजे नुसता ओरखडा. ओरखडाच असेल तर हवाय कशाला? याने काडीचा फायदा होत नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने स्वच्छ सांगितलंय. कारण काय देतात, तर मुलगी पुढे वाहवत जाऊ नये. म्हणजे सगळं नवऱ्यासाठी, आणि नवऱ्याला कोणी विचारलेलंच नाही! या प्रथेविरुद्धच्या याचिकेवर २०१८ साली झालेल्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानेही सुनावलं होतं की बाईचं आयुष्य फक्त लग्न आणि नवरा यासाठी नसतं. पुढे ते प्रकरण मोठ्या घटनापीठाकडे गेलं. त्या निकालाची वाट बघत बसू नका.

माझ्या मते बरेच तरुण विरोधातच आहेत, पण जमातीबाहेर टाकतील या भीतीने गप्प बसतात. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तो वाचून ठेवा. अर्थात मनापासून खतन्याची बाजू घेणारे तरुणही आहेत, बायकाही आहेत. आफ्रिकेतल्या काही समाजांत तर याशिवाय मुलीचं लग्न जमत नाही. पण तिथल्याच गिनी या देशात युनिसेफच्या पाहणीत ही प्रथा थांबावी म्हणणाऱ्यांचं प्रमाण बायकांपेक्षा पुरुषांत जास्त निघालं होतं.

तुमचं लग्न ठरत असेल तर आत्ताच होणाऱ्या बायकोला आणि दोन्हीकडच्या आयांना सांगून टाका की आपल्या मुलीचं हे होणार नाही. मुलगी सात वर्षांची झाल्यावर बोलू म्हणालात तर उशीर होईल. आणि कोणी बायकांचं खातं म्हणालं, तर त्याच्या मुलीला नेलं तेव्हा तिला कोणी विचारलं होतं का, एवढं विचारा. माझ्या चुलतभावाने याचं उत्तर अजून दिलेलं नाही.