हा झांगचा घाट आणि मागची सीट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघे मित्र, सगळ्यांना बुलेटची सवय, लेह-लडाख करून झालंय, आता दिवाळीनंतर आग्नेय आशियात सीमेलगतच्या खेड्यापाड्यांतून मोटरसायकलवर हिंडायचंय. व्हिएतनामच्या उत्तर सीमेवरचा ‘हा झांग’ नावाचा डोंगराळ भाग घ्यावा का, आणि तिथे गाडी भाड्याने घेताना काय बघावं?

हा झांग घ्याच. गाडी मात्र घेऊ नका. मागे बसा.

हे वाचून तुमच्या कपाळावर जी आठी पडली, ती आमच्याही पडली होती. आम्हीही चौघेच. साताऱ्याकडचे, सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. आंबेनळी, वरंध, पसरणी हे घाट आमच्या तोंडपाठ. २०२३च्या नोव्हेंबरात गेलो. आमच्यात एक मामा आहे (कुणाचाच सख्खा नाही, सगळ्यांचाच मामा), एक सैन्यातून निवृत्त झालेला फौजी, एक पक्का शाकाहारी वकील, आणि मी. ‘पोरासोरांच्या मागे बसून घाट चढायला एवढे पैसे घालून जायचं?’ हे मामाचं वाक्य विमानतळापासून ऐकत होतो.

पण आधी कायद्याचं. आपल्याकडे आरटीओ जो आंतरराष्ट्रीय परवाना देतं, तो १९४९च्या जिनिव्हा करारातला. व्हिएतनाम मानतं तो १९६८च्या व्हिएन्ना करारातला. म्हणजे तुमच्या हातातलं ते पुस्तक तिथे फक्त कागद. ५० सीसीच्या आतल्या गाडीला परवाना लागत नाही हे खरं, पण तसल्या गाडीवर सामानासकट तो घाट चढवून बघा एकदा. दुकानदार गाडी देतो, परवाना विचारतही नाही. त्याचं काय जातंय? रस्त्यात पोलिसांनी धरलं तर दंड तुम्हाला, गाडी अडकली तर खोळंबा तुमचा, आणि पडलात तर विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारणार. आमचा वकील हा परिच्छेद मामाला रोज जेवताना ऐकवायचा.

मामाने तरीही गाडी घेतलीच. आम्ही तिघे स्थानिक पोरांच्या मागे बसलो. याला तिथे ‘ईझी रायडर’ म्हणतात. गाडी त्यांची, चालवणार ते, तुमची बॅग मागे रबरी दोरीने बांधणार तेही तेच. मामा १५० सीसीच्या होंडावर एकटा, पुढे. पहिले दोन तास झक्क चालवली त्याने, खोटं कशाला बोलू. क्वान बाच्या खिंडीच्या अलीकडे चहाला थांबलो, पुन्हा निघालो, रस्ता मोकळा होता, आणि मामा सवयीने डाव्या बाजूला गेला. व्हिएतनाममध्ये वाहतूक उजवीकडून. वळणावर समोरून सिमेंटचा ट्रक. मामाने गाडी गटारात घातली म्हणून वाचला. गुडघा सोलला, आरसा फुटला, आणि पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

गर्दीत माणूस उजवीकडेच राहतो, कारण बाकीचे सगळे तिथेच असतात. चूक होते ती थांबून पुन्हा निघताना, रिकाम्या रस्त्यावर. तीस वर्षं हात जिकडे वळलेत तिकडेच वळतात. लडाखचा अनुभव इथे कामाचा नाही, उलट तो आड येतो. दुपारी दुकानातून एक पोरगा येऊन मामाची गाडी ताब्यात घेऊन बसला, आणि मामा त्याच्या मागे. आरशाचे पैसे भरले ते वेगळेच.

आता रस्ता. हनोईहून हा झांग शहर साधारण ३०० किलोमीटर, बसने सहा-सात तास. (२०२५च्या जुलैपासून हा झांग हा प्रांत तुएन क्वांगमध्ये विलीन झालाय, नव्या नकाशात नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका.) तिथून क्वान बा, येन मिन्ह, डोंग वान, मेओ वाक असा चीनच्या सीमेला चिकटून वळसा घालून परत यायचं. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, तीन दिवसांत होतात, चार ठेवा.

क्वान बा ओलांडलं की डोंगराचा रंगच बदलतो. आपला सह्याद्री काळा, बसाल्टचा, पायऱ्यापायऱ्यांचा. हा करडा चुनखडीचा, सुळक्यासुळक्यांचा, कुणी करवतीचे दात उलटे मांडून ठेवावेत तसा. २०१०मध्ये युनेस्कोने या डोंग वानच्या पठाराला जिओपार्क म्हणून मान्यता दिली. दिसायला देखणं, राहायला कठीण. चुनखडीत पाणी ठरत नाही, भेगांतून खाली निघून जातं. पाऊस भरपूर आणि उन्हाळ्यात घागर रिकामी. सरकारने डोंगराच्या कुशीत मोठी सिमेंटची तळी बांधलीत, त्यांना ‘लटकती तळी’ म्हणतात. गाव तिथून पाणी नेतं. माझं आजोळ माणदेशातलं. पाण्याच्या टाकीपाशी ओळीने ठेवलेले डबे बघून मला भाषा येत नसूनही सगळं कळलं.

आणि मका! दगडाच्या खोबणीत ओंजळभर माती, तीही कित्येकदा खालून पाटीत भरून पाठीवर आणलेली, आणि तिच्यात मक्याचे दोन-चार ठोंब. हमोंग लोकांची ही शेती. नांगर जिथे चालेल तिथे चालवतात, बाकी सगळं हाताने. आम्ही गेलो तेव्हा मका निघालेला होता, घराघराच्या माळ्यावर कणसं टांगलेली, आणि खोबण्यांमधून कुट्टूची गुलाबी फुलं. ही फुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात, त्यासाठी हनोईची गर्दी लोटते. त्याच गर्दीसाठी घाटातल्या वळणांवर लहान पोरं फुलांच्या पाट्या पाठीला लावून फोटोला उभी असतात. पैसे देऊ नका. शाळेच्या वेळेला तिथे उभी असतात ती.

या गोष्टी मला दिसल्या त्या मागे बसल्यामुळे. घाटात गाडी चालवणाऱ्याला पुढची दहा मीटर डांबर दिसते, दुसरं काही नाही. मी मागे बसून बघत होतो: बायका चढावर चालता चालता भांगेच्या झाडाचा वाख एकाला एक जोडत होत्या, हात एक क्षण रिकामा नाही. क्वान बाजवळ लुंग ताम नावाचं गाव आहे, तिथे या वाखाचं कापड विणतात, त्यावर मधमाशांच्या मेणाने नक्षी काढून निळीत बुडवतात. मेण लागलेली जागा पांढरी राहते. वकिलाने तिथून बायकोसाठी एक लांब कापड घेतलं, ते आता त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर आहे. का, ते विचारू नका.

माझा चालक बावीस वर्षांचा. त्याने नावाआधी वय विचारलं. मला जरा खटकलं, मग कारण समजलं. व्हिएतनामी बोलीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ म्हणायला नाती वापरतात: थोरला भाऊ, धाकटं भावंड, काका, आजी. समोरच्याचं वय कळल्याशिवाय वाक्यच सुरू करता येत नाही! मी सेहेचाळीस, म्हणून मी ‘चू’ झालो, म्हणजे धाकटा काका. ऐकायला कसंही वाटो, मान मोठा आहे. मामा त्याच्या पोराचा ‘बाक’ झाला, म्हणजे वडिलांहून मोठा काका. हे त्याला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी लुंग कू. व्हिएतनामचं उत्तरेचं टोक, टेकडीवर ध्वजस्तंभ. झेंडा ५४ चौरस मीटरचा, देशातल्या ५४ समाजांसाठी. वरून दिसणारी पलीकडची शेतं चीनची. शेत तेच, दगड तेच, अलीकडे-पलीकडे हमोंगच राहतात. रेषा कुठली ते कुंपणावरून ओळखायचं.

फौजीला त्या रेषेत रस होता. १९७९च्या फेब्रुवारीत चीनने इथल्या सगळ्या सीमेवर हल्ला केला ते आपण कधीतरी वाचलेलं असतं, पण पुढची दहा वर्षं या प्रांतातल्या वी सुएनच्या टेकड्यांवर लढाई चालूच होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हा झांग शहराच्या दक्षिणेला, हनोईच्या रस्त्यावरच, तिथल्या सैनिकांची दफनभूमी आहे. येताना रात्रीच्या बसमध्ये झोपेत गेली. परतताना फौजीच्या हट्टाने थांबलो. ओळीच्या ओळी, प्रत्येक थडग्यावर चांदणी. १२ जुलै १९८४ ही एकच तारीख किती दगडांवर आहे ते मोजायला त्याने सुरुवात केली आणि मग सोडून दिलं. बऱ्याच दगडांवर नावच नाही. फौजी अपशिंगेचा, त्याच्या गावात घरटी एक माणूस सैन्यात. तिथे तो काही बोलला नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

खाण्याचं. वकील जगला. ‘आन चाय’ म्हणजे शाकाहारी खातो, हे दोन शब्द पाठ करा. टोफू, भात, अंडं चालत असेल तर अंडं, आणि लसूण घालून परतलेली ‘राऊ मुओंग’, म्हणजे आपल्या कोकणातली नाळीची भाजी. माशाचा सॉस घालू नका हे मात्र प्रत्येक वेळी वेगळं सांगावं लागतं, तो त्यांच्या लेखी मिठासारखा. आमच्यासारख्यांसाठी डोंग वानला सकाळी वाफवलेल्या तांदळाच्या पातळ गुंडाळ्या, हाडाच्या गरम रश्शात बुडवून खायच्या. आणि हा झांग शहरात रात्री ‘आऊ ताऊ’ची लापशी मिळते. तो कंद बचनागाच्या जातीचा, म्हणजे विषारी. तासन्‌तास शिजवून विष मारतात, मग तांदूळ आणि डुकराचं मांस. कडवट, पण दमल्या अंगाला बरी वाटते. मामाने दोन वाट्या खाल्ल्या. घरी स्वतः करून बघायचा पदार्थ नव्हे हा.

रात्री मक्याची दारू येणारच. पाण्याच्या बाटलीतून येते, पाण्यासारखीच दिसते, आणि प्रत्येक घोटाला यजमान हस्तांदोलन करतो. तुमचा चालक सकाळी घाट चालवणार आहे, त्याला आग्रह करू नका. आमच्या शेजारच्या टेबलावर तो आग्रह चालला होता, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता ज्यासाठी सगळे जातात तो मा पी लेंग. डोंग वान ते मेओ वाक जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. नावाचा अर्थ घोड्याच्या नाकाचा दांडा, असं सांगतात. एका बाजूला सरळ कातळ, दुसऱ्या बाजूला खोल खाली न्यो क्वे नदी, हिरवी, दोरीएवढी. हा झांग शहरापासून मेओ वाकपर्यंतचा संपूर्ण रस्ता १९५९ ते १९६५ या काळात हातांनी फोडलाय. पहार, हातोडा, छिन्नी. मा पी लेंगच्या कड्यावर पोरं दोरांना लटकून अकरा महिने सुरुंगाची भोकं पाडत होती. रस्त्याचं नाव ‘हान फुक’, म्हणजे सुख. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाला नाणं टाकून पुढे जाणारी माणसं आम्ही. मामाने इथल्या कठड्यापाशी आपलं पाच रुपयांचं नाणं ठेवलं. त्याच्या पोराने विचारलं हे काय, तर मामा म्हणाला, टोल. फोनमधल्या भाषांतराने त्याचं काय केलं देव जाणे, पण पोरगं खिशातून हजार डाँगची नोट काढून शेजारी दगडाखाली ठेवून आलं.

कपड्यांचं एवढंच: नोव्हेंबरात दिवसा ऊन, संध्याकाळी थंडी कडक, डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं की दरी आहे हे ऐकून मानायचं. जून ते ऑगस्ट दरडी कोसळतात, तेव्हा नको. व्हिसा ऑनलाइन मिळतो. हेल्मेट दुकानातलं घेतलंत तर काच आणि पट्टा तपासा. आपलं नेलंत तर उत्तम.

आणि दिवस मोजताना शुक्रवारी हा झांग सोडा, म्हणजे रविवारी सकाळी मेओ वाकच्या बाजारात असाल. डोंग वानहून पहाटे निघावं लागतं. त्या बाजारात गुरांचा एक भाग असतो. पिवळट तांबूस हमोंग बैल, ठेंगणे, मानेला जाड, वशिंड बेताचं. फौजीचं घर खिल्लार बाळगणारं. तो घोळक्यात शिरला, एका बैलाचं जबडं उचलून दात बघितले, आणि मालकाला चार बोटं दाखवली. मालकाने मान हलवली, स्वतः जबडं उघडलं आणि नवा फुटलेला दात बोटाने दाखवला: सहा. मग दोघे अर्धा तास एकमेकांना गुरं दाखवत हिंडले, एकाही शब्दाविना. आम्ही तिघे आणि चारही चालक बाहेर गाड्यांपाशी ताटकळत, उन्हात.