अवरक्त किरणांचाही ‘वर्ण’पट?

‘सेंद्रिय लिगंडयुक्त संक्रमण धातूंच्या जटिल संयुगांचा वर्णपटीय अभ्यास’ हे प्रबंधाचे शीर्षक मराठीत योग्य आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे. (लिगंड म्हणजे धातूच्या अणूला जोडला जाणारा रेणू किंवा आयन; लोह, तांबे यांसारख्या संक्रमण धातूंना असे लिगंड जोडले गेले की जटिल संयुग बनते.) प्रबंधातील बहुतेक काम अवरक्त किरणांवर आधारलेले आहे. मग जिथे डोळ्यांना रंगच दिसत नाही तिथे ‘वर्ण’ कुठून आला, अशी त्यांची शंका आहे.

शंका रास्त आहे, पण तेवढ्यासाठी ‘वर्णपट’ टाकून देण्याचे कारण नाही. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये तांबड्या रंगापलीकडे तापमापी ठेवून अवरक्त किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी योहान रिटर यांना जांभळ्यापलीकडचे जंबुपार किरण सापडले. पट असा दोन्ही टोकांना लांबला आणि शब्दाचा अर्थही त्याच्याबरोबर विस्तारला. लॅटिन ‘स्पेक्ट्रम’चा मूळ अर्थही ‘दिसणारे रूप’ असाच आहे, तेव्हा न दिसणाऱ्या किरणांना तो लावताना झालेली ओढाताण एकट्या मराठीची नाही. तरंगलांबीनुसार मांडलेली शोषणाची किंवा तीव्रतेची नोंद, हा वर्णपटाचा आजचा अर्थ आहे आणि ‘अवरक्त वर्णपट’ त्यात सहज बसतो.

उलट जिथे रंग खरोखरच दिसतो, तिथे अधिक जपून लिहावे लागते. लोह आणि फिनॅन्थ्रोलिन हा सेंद्रिय लिगंड यांचे तांबडे जटिल संयुग ५१० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या भागात, प्रकाश शोषते. आपल्याला दिसतो तो शोषून उरलेल्या प्रकाशाचा रंग. त्यामुळे ‘संयुगाचा रंग वर्णपटात दिसतो’ हे वाक्य सैल आहे.

माझी खरी हरकत ‘वर्णपटीय’ या विशेषणाला आहे. ‘वर्णपटीय रेषा’ म्हणजे वर्णपटातील रेषा. त्याच न्यायाने ‘वर्णपटीय अभ्यास’ म्हणजे वर्णपटाचा अभ्यास असा अर्थ निघू शकतो. इथे मात्र अभ्यासाचा विषय संयुग आहे, वर्णपट हे साधन. शिफ आधारक या प्रकारच्या सेंद्रिय लिगंडातील कार्बन-नायट्रोजन द्विबंधाचा शोषणपट्टा (अवरक्त वर्णपटात जिथे शोषण होते तो भाग) दर सेंटीमीटरला १६०० ते १६५० या तरंगसंख्यांच्या दरम्यान आढळतो. नायट्रोजनने आपली इलेक्ट्रॉनांची जोडी धातूला दिली की हा पट्टा सहसा थोडा खाली सरकतो, आणि त्यावरून लिगंड कोणत्या अणूने धातूला बांधला गेला याचा अंदाज करता येतो. (नुसत्या तेवढ्या पुराव्यावर संरचना ठरवू नये, हे वेगळे.) संशोधकाला पट्ट्याचे कौतुक नसते, त्यामागच्या बंधाचा पत्ता हवा असतो.

म्हणून ‘संक्रमण धातूंच्या सेंद्रिय लिगंडयुक्त जटिल संयुगांचा वर्णपटमितीद्वारे अभ्यास’ असे शीर्षक मी सुचवेन. वर्णपटमिती म्हणजे वर्णपट मोजण्याचे तंत्र; ‘द्वारे’मुळे साधन कोणते हे स्पष्ट होते आणि ‘सेंद्रिय लिगंडयुक्त’ हे विशेषण धातूंना न चिकटता संयुगांजवळ येते. ‘लिगंड’ तसाच राहू द्यावा. ‘बंध’ हा शब्द रासायनिक बंधासाठी आधीच वापरात असल्याने त्याच्याशेजारी लिगंडसाठी ‘बंधक’ आणल्यास वाचक अडखळेल.