एल्रॉन्डच्या सभेपाशी अडलेली वाचक

प्रश्न : म्हापशात आम्ही चौघी मैत्रिणी टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचत आहोत. तिघी रंगून गेल्या आहेत. मी मात्र एल्रॉन्ड या पात्राच्या घरी भरणाऱ्या लांबलचक सभेच्या प्रकरणापाशी कंटाळले. पुढे वाचावे का?

उत्तर : अवश्य वाचावे. ही मुळात एकच कादंबरी असून १९५४-५५ मध्ये ती तीन खंडांत निघाली, त्यामुळे पहिल्याच खंडावरून तिचा निवाडा करणे म्हणजे जत्रेतल्या नाटकाचा पहिला अंक पाहून मंडपातून उठण्यासारखे आहे. सभेत पात्रे एकामागून एक बोलतच राहतात, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु सगळे गप्प झाल्यावर, वाट ठाऊक नसतानाही, दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला नेण्याचे कथानायक बुटका फ्रोडो कबूल करतो, तो क्षण त्याच प्रकरणाच्या शेवटी येतो. मधली गाणी (आम्हीही पहिल्या वाचनात गाळली होती) तूर्त सोडलीत तरी चालेल.