सिनियर बोलच्या प्रॅक्टिसमध्ये स्काउट नक्की बघतात काय, आणि आपल्यासारख्याला बघून चांगला खेळाडू ओळखता येतो का?

येतो. फक्त हाइट-वेटच्या आकड्यांत अडकू नका. (सिनियर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या कॉलेज संपवणाऱ्या निवडक खेळाडूंची मॅच. एनएफएल ही तिकडची व्यावसायिक लीग, तिच्या टीमांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, आठवडाभराची प्रॅक्टिस बघायला येतात, आणि मग ड्राफ्टमध्ये टीमा पाळीपाळीने, राउंड-राउंडने नवे खेळाडू निवडतात.) आणि आधी एक, गावाचं नाव मोबाईल नाही, मोबील. अलाबामातलं मोबील. मी बरीच वर्षं इथे राहतोय आणि सांगलीहून फोन आला की कोणीतरी विचारतंच, काय रे, मोबाईलमध्ये कसं काय राहतोस.

तर आकडे. प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी मोजमाप होतं. स्काउटांच्या कागदावर हाइट चार आकड्यांत असते, ६०२५ म्हणजे सहा फूट, दोन इंच आणि वर पाच अष्टमांश. पंजा मोजतात, खांद्यापासून बोटापर्यंत हात मोजतात, दोन्ही हात पसरून मोजतात. बैलबाजारात दात बघतात तसंच, फरक एवढाच की इथे बैल चड्डीवर असतो. मग एक अष्टमांश इंच कमी भरला की लोक मान हलवतात. माझ्या मेहुण्यानेही हलवली होती, आणि हे उत्तर मी त्याच्यासाठीच लिहितोय असं समजा.

२०१४ चा जानेवारी. बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, आणि मेहुणा अटलांटाहून पाच तास गाडी हाणत आला होता, कारण तो कट्टर फाल्कन्सवाला, म्हणजे अटलांटाच्या एनएफएल टीमचा, आणि त्या वर्षी मॅचमधल्या दोन टीमांपैकी नॉर्थच्या टीमला कोचिंग फाल्कन्सचाच स्टाफ देत होता. तेव्हा सगळं जुन्या लॅड-पीबल्स स्टेडियमवर व्हायचं (आता साउथ अलाबामा युनिव्हर्सिटीच्या नव्या स्टेडियमवर असतं). बाबांना फुटबॉलमधलं शून्य कळतं. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून नेलं, कानटोपी, शाल, खिशात शेंगदाणे. पण तरुणपणी ते तालमीत होते, आणि पहिला अर्धा तास बिचारे गप्प बसले, पंट म्हणजे काय विचारलं, मग कंटाळले, आणि मग वन-ऑन-वन सुरू झालं.

वन-ऑन-वन म्हणजे ओफेन्सिव्ह लाइनचा एक, समोर डिफेन्सचा एक, मागे क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकणाऱ्याच्या) जागी उभी केलेली डमी, आणि बॉल हलला की डिफेन्सवाल्याने लाइनवाल्याला ओलांडून डमीपर्यंत पोचायचं. बाबा ताठ झाले. शेंगदाणे थांबले. दोन-तीन जोड्या झाल्या असतील तेवढ्यात मेहुण्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाव्हणं, त्यो बसका पोरगा बघा. बाकीची सगळी उभ्यानं लढायलीत, ह्यो एकटा खाली बसतोय. आन् समोरच्याचा हात लागायच्या आत ह्याचा हात झाडून मोकळा."

तो पोरगा पिट्सबर्गचा आरन डोनाल्ड. सहा फुटांच्या किंचित वर, वजन २८५ पौंडाच्या आसपास, म्हणजे त्या जागेसाठी लहानखुराच. कॉलेजच्या शेवटच्या सीझनमध्ये डिफेन्सची बक्षिसं त्याने गोळा केली होती, तरी लोक हाइटवरच अडलेले. मेहुणा हसला. "काका, ही कुस्ती नाहीये, एनएफएलमध्ये याला गिळतील." पुढच्याच रेपला, म्हणजे जोडीच्या पुढच्या फेरीला, डोनाल्डने समोरच्या गार्डचा (ओफेन्सिव्ह लाइनमधल्या खेळाडूचा) हात असा काही झटकला की तो गार्ड पुढे झुकला आणि हवेला मिठी मारून राहिला. बाबा शांतपणे म्हणाले, "दस्ती वडली." मेहुण्याने खेळाडूंच्या यादीच्या कागदावर स्वतःच्या पेनने डोनाल्डच्या नावापुढे लिहिलं, तिसरा राउंड, म्हणजे ड्राफ्टमध्ये एवढ्या उशिरा जाईल. त्याच कागदावर बाबांनी मराठीत लिहिलं, बसका, चांगला.

फेब्रुवारीत कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या एनएफएलच्या चाचण्यांत, डोनाल्ड ४० यार्ड ४.६८ सेकंदांत पळाला. त्या आकड्यानंतर मेहुण्याचं मत बदललं, डोळ्यांनी बघून नाही बदललं, हे नीट लक्षात ठेवा. मे महिन्यात ड्राफ्टमध्ये फाल्कन्सची पाळी सहाव्या नंबरला होती, आठवडाभर ज्यांनी याला हाताखाली खेळवलं त्यांनीच ओफेन्सिव्ह लाइनच्या जेक मॅथ्यूजला घेतलं आणि रॅम्स या दुसऱ्या टीमने डोनाल्डला तेराव्या नंबरला उचललं. पुढचं माहितीच आहे, तीनदा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर, २०२२ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, २०२४ ला रिटायर. आणि आता आमचा मेहुणा दर गणपतीला अटलांटाच्या आरतीनंतर, हातात मोदक धरून, नव्या पोरांना सांगतो की मी तर मोबीलला पहिल्याच दिवशी ओळखला होता!

असो. तुम्ही बघताना पायाकडे आणि कंबरेकडे बघा. मार खाल्ल्यावर पुढच्या रेपला काय बदलतो ते बघा, मंगळवारी केलेली चूक गुरुवारपर्यंत जाते का ते बघा, जिंकलेल्या रेपा मोजत बसू नका. लहान कॉलेजची मुलं मुद्दाम बघा, कारण त्यांनी मोठ्या कॉलेजच्या पोरांसमोर कधी उभंच राहिलेलं नसतं. क्विन माइनर्झ हा ओफेन्सिव्ह लाइनवाला डिव्हिजन थ्रीचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या खालच्या स्तराचा, २०२० चा सीझन कोविडने गेलेला, २०२१ ला इथे आला, पोट उघडं टाकून आठवडाभर मोठमोठ्यांना थोपवलं आणि डेन्व्हरने तिसऱ्या राउंडला घेतलं. २०२४ ला ऑल-प्रो, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात. रात्री हॉटेलात टीमवाले मुलाखती घेतात, ते आपल्याला दिसत नाही, त्यात अर्धा निकाल लागतो म्हणतात.

आता मेहुण्याच्या बाजूने दोन गोष्टी, नाहीतर बायको वाचेल. वन-ऑन-वनमध्ये डिफेन्सवाल्याला फायदाच असतो, खऱ्या मॅचमध्ये गार्डच्या शेजारी सेंटर मदतीला असतो, इथे मैदान मोकळं, त्यामुळे तिथे चमकणारा प्रत्येक जण डोनाल्ड नसतो. हात आखूड असलेले बरेच जण पुढे खरंच मार खातात. जेक मॅथ्यूजही वर्षानुवर्षं खेळला, वाईट निवड नव्हती. आणि त्याच दुपारी बाबांनी आणखी एका धिप्पाड पोराला "ह्यो नाव काढणार" म्हटलं होतं, तो कुठे गेला देवाला ठाऊक, ते मी सहसा सांगत नाही.

शनिवारची मॅच बघायची का, तर बघा, मजा येते, पण बरेचसे स्काउट गुरुवारीच बॅगा भरतात. २०१६ च्या मॅचचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) डॅक प्रेस्कॉट होता, जो पुढे डॅलसचा क्वार्टरबॅक झाला, आणि ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर १३५ वा लागला. त्या आठवड्यात मी आणि मेहुणा दोघंही कार्सन वेंट्झ या दुसऱ्या क्वार्टरबॅककडेच बघत होतो, त्याबद्दल मात्र दोघंही बोलत नाही.

तो २०१४ चा कागद माझ्याकडे आहे, पासपोर्टच्या फाइलमध्ये. मेहुण्याचं अक्षर आहे त्यावर.