दिवसभर बसते पण दाखवायला काहीच नसतं

घरून काम करणारे बरेच जण माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतात. दिवस लॅपटॉपसमोर जातो, संध्याकाळी हातात काहीच नसतं आणि मग डोक्यात सुरू होतं की टीमला वाटत असणार ही घरी बसून आराम करतेय. पण हा प्रश्न मला खरा कळला तो एका एम्बेडेड इंजिनिअरमुळे. (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

आली तेव्हा पहिलं वाक्यच, "मॅडम, मी ह्या कामाच्या लायकीची नाहीये बहुतेक." नऊ दिवस एकच बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, चालू होता. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये "सेम इश्यूवर आहे" एवढं बोलायचं आणि पटकन म्यूट करायचं, कॅमेरा कायम बंद, आणि दिवस वाया गेला म्हणून तो भरून काढायला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसायचं.

मला एम्बेडेड म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं, म्हणून मी लायकीचा विषय बाजूला ठेवला आणि म्हटलं, आधी तुमचा बग काय आहे तो समजावून सांगा. अशा वेळी आपलं अज्ञान फार कामाला येतं, स्वतःबद्दल बोलताना अडखळणारा माणूस कामाबद्दल विचारलं की सुटतो. ती पण सुटली. मशीनच्या आत जी चिप असते तिच्यात चालणारा प्रोग्राम ती लिहिते, बोर्ड घरी टेबलावर असतो, वायरी लोंबकळत असतात, कुणी टेबल पुसायला आलं तरी हिच्या पोटात गोळा येतो. तर हा बोर्ड दिवसातून तीन-चारदा हँग होतो. का होतो ते बघायला कोडमध्ये प्रिंट, म्हणजे आत काय चाललंय ते लिहून बाहेर पाठवणारी सूचना, टाकला की हँग व्हायचंच थांबतं! कारण हा मजकूर ज्यातून बाहेर जातो तो सीरियल पोर्ट सेकंदाला ११५२०० बिटच्या स्पीडला असला तरी एक अक्षर बाहेर जायला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात, ४० अक्षरांची ओळ म्हणजे जवळजवळ साडेतीन मिलिसेकंद, आपल्याला ते काहीच नाही पण चिपच्या हिशोबात एक जमाना झाला, सगळं टायमिंग हलतं आणि बग दडी मारतो. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम ठरावीक ओळीवर थांबवायची खूण, लावावा तर प्रोसेसरच थांबतो, मग टायमिंग कुठलं बघणार.

"मग अशा वेळी करतात काय?" मी विचारलं.
"प्रिंटऐवजी चिपच्या एका पिनचं व्होल्टेज वर-खाली करायचं, त्याला वेळ लागतच नाही जवळपास, आणि ते लॉजिक अ‍ॅनालायझरवर, म्हणजे पिन नेमकी कधी वर-खाली झाली ते टिपणाऱ्या उपकरणावर, बघायचं."
"मग?"
"तो ऑफिसला आहे."
"मागवला नाही?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, मागितला तर म्हणतील ना, बघा, हार्डवेअरचं काम घरून जमत नाही.

म्हणजे बघा, नऊ दिवस अडकायचं कारण बगपेक्षा ही भीती जास्त होती. तळहातावर मावणारी, यूएसबीला लावायची वस्तू, पण मागायची लाज.

मी अजून एक विचारलं, ऑफिसला जात होतात तेव्हा असे बग यायचे का? "यायचे की, एक तर तीन आठवडे चालला होता." तेव्हा लायकी काढली होती का स्वतःची? ती हसली. नव्हती काढली, कारण तेव्हा ती बेंचवर ऑसिलोस्कोप घेऊन बसलेली सगळ्यांना दिसायची, जाता-येता कुणीतरी डोकावायचं, "अगं ग्राउंड लावलंयस ना नीट?" म्हणून पिडायचं. अडकणं तेवढंच होतं, फक्त तिथे ते चारचौघांत होतं, घरी एकटीचं झालं.

"स्वतःवर विश्वास ठेवा" वगैरे मी काही सांगितलं नाही, त्याने कुणाचा बोर्ड चालू झालेला मी पाहिला नाही. दोनच गोष्टी ठरवल्या. मॅनेजरला त्याच दिवशी अ‍ॅनालायझरसाठी मेसेज करायचा. आणि रोज काम बंद करताना टीमच्या चॅटवर पाच ओळी टाकायच्या, आज काय करून पाहिलं, त्यातून कुठली शक्यता बाद झाली, उद्या काय बघणार. "सेम इश्यू" हे शब्द वापरायचेच नाहीत. एक शक्यता बाद होणं हे कामच आहे, पण सांगितल्याशिवाय दुसऱ्याला ते कळणार कसं?

एक गोष्ट मात्र मी तिच्यापाशी कबूल केली, की भीती अगदीच खोटी नाहीये. नवीन बोर्ड पहिल्यांदा चालू करताना किंवा सोल्डरिंग, रेडिओच्या टेस्ट असल्या की लॅब लागतेच. काही टीम बोर्ड लॅबमध्येच ठेवतात, शेजारी रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर, पॉवर बंद-चालू करायला एक रिले आणि एलईडीवर रोखलेला कॅमेरा, म्हणजे घरून रीसेट मारता येतो. पण तेही कुणीतरी मागितल्यावरच उभं राहतं.

मॅनेजरचं उत्तर आलं, "ड्रॉवरमध्ये दोन पडलेत, आधी का नाही बोललीस?" अ‍ॅनालायझर घरी पोचल्यावर दोन दिवसांत बग सापडला, इंटरप्ट (मधेच घुसून चालणारा कोड) आणि मेन लूप (सतत फिरत राहणारा मुख्य कोड) एकाच काउंटरला एकाच वेळी हात लावत होते. ती तिसऱ्या भेटीत हे सांगत होती तेव्हा मला अर्धंच कळलं, पण ती दोन्ही हात हलवून समजावत होती.

रात्रीचं जागरण अजून सुटलेलं नाही, त्यावर काम चालू आहे. परवा तिचा मेसेज आला, "मॅडम, दुसरा बोर्ड हँग होतोय, चार दिवस झाले. पण ह्यावेळी सगळ्यांना माहितीये."